सत्तावंतांची उधळपट्टी आणि कवीची वाणी : उत्तर पेशवाई ते ग्रामगीता

गोषवारा

सत्ताधारी व धनाढ्य घराण्यांच्या चैनीवर काव्यातून टीका करण्याची परंपरा अनेक संस्कृतींत आढळते. तांगकालीन चिनी कवितेत ही परंपरा विशेष विकसित झाली होती. मराठीत तिचे स्वरूप काय होते, ती कोणत्या काळी मवाळ होती, कोणत्या काळी तीव्र झाली आणि हा बदल का घडला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे. उत्तर पेशवाईतील शाहिरी, महात्मा जोतीराव फुले यांचे लेखन आणि विदर्भातील राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ग्रामगीता हे या अभ्यासाचे तीन टप्पे होत. कवीचा उदरनिर्वाह कोणावर अवलंबून आहे, यावर त्याच्या टीकेचा रोख ठरतो, असे या अभ्यासातून दिसून येते.

सूचक शब्द : शाहिरी, फटका, राजाश्रय, उत्तर पेशवाई, सत्यशोधक चळवळ, ग्रामगीता, ऋणग्रस्तता

१. प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात शाहिरी कवितेचा विचार बहुधा दोन अंगांनी झालेला आहे. एक म्हणजे वीररसप्रधान पोवाडा आणि दुसरे म्हणजे शृंगारप्रधान लावणी. या दोहोंच्या मधोमध उभा असलेला 'फटका' हा रचनाप्रकार पाठ्यपुस्तकांत उपदेशपर काव्य म्हणून येतो आणि तेथेच त्याचा विचार संपतो. वास्तविक 'फटका' या शब्दातच प्रहाराचा अर्थ आहे. हा प्रहार कोणावर झाला आणि कोणावर झाला नाही, हा साहित्याइतकाच सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न आज उपस्थित करण्यास एक कारण आहे. विदर्भातील शेतकऱ्यांच्या कर्जबाजारीपणाची व आत्महत्यांची चर्चा होते तेव्हा लग्नकार्यावरील वारेमाप खर्चाचा उल्लेख हमखास केला जातो. उधळपट्टीचा दोष अशा रीतीने ज्याच्याजवळ सर्वांत कमी आहे त्याच्याच माथी येतो. आपल्या कवींनी ऐतिहासिक काळात उधळपट्टीचा दोष कोणाला दिला होता, हे तपासणे म्हणूनच केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा विषय राहत नाही.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (अ) सत्तावंतांच्या चैनीविषयी मराठी काव्यातील भूमिकांचा कालक्रमाने आढावा घेणे, (ब) या भूमिका आणि कवीची आर्थिक स्थिती यांतील संबंध तपासणे, (क) तांगकालीन चिनी काव्याशी तुलना करून मराठी परंपरेचे वेगळेपण स्पष्ट करणे. त्यासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

३. तुलनेचा आधार : तांगकालीन चिनी कविता

इ. स. च्या आठव्या शतकाच्या मध्यास चीनची राजधानी छांगआन ही जगातील अत्यंत वैभवशाली नगरांपैकी एक होती. सम्राट श्वानझोंगची आवडती राणी यांग ग्वेफेई हिच्या घराण्याचा त्या काळी मोठा उत्कर्ष झाला. ७४८ मध्ये तिच्या बहिणींना मानाच्या पदव्या मिळाल्या आणि ७५२ मध्ये तिचा नातलग यांग ग्वोझोंग प्रधानमंत्री झाला. पुढच्याच वर्षी, ७५३ मध्ये, दू फू (७१२–७७०) या कवीने वसंतोत्सवासाठी जलाशयाच्या काठी जमलेल्या या घराण्यातील स्त्रियांवर एक कविता रचली. तीत त्याने त्यांची वस्त्रे, दागिने, दुर्मीळ पक्वान्ने आणि पोट भरल्यामुळे तशीच राहिलेली ताटे यांचे बारकाईने वर्णन केले आहे. कवी त्यांना एकही दूषण देत नाही. प्रधानमंत्र्याच्या फार जवळ जाऊ नका, तो रागावेल, एवढाच इशारा शेवटी येतो. त्या वेळी दू फू पदाच्या शोधात राजधानीत हलाखीचे दिवस काढीत होता. ७५५ च्या अखेरीस आन लूशानचे बंड झाले आणि ७५६ मध्ये पलायनाच्या वाटेवर सैनिकांनी यांग ग्वोझोंगला ठार केले व राणीलाही प्राणास मुकावे लागले.

यानंतर अर्ध्या शतकाने बाई जूयी (७७२–८४६) याने हीच परंपरा अधिक उघडपणे चालविली. ८०८ पासून तो दरबारात सम्राटाच्या चुका दाखवून देणाऱ्या पदावर होता. टीका करणे हे त्याचे शासकीय कर्तव्यच होते आणि ८०९ च्या सुमारास रचलेली पन्नास गीते हा त्याच कर्तव्याचा काव्यरूप विस्तार होय. श्रीमंतांच्या फुलांच्या षोकावर लिहिताना तो बाजारात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला उभे करतो आणि फुलांच्या एका गुच्छाची किंमत म्हणजे दहा घरांचा शेतसारा, असा हिशेब त्याच्या तोंडी घालतो. दरबारातील खोजांच्या मेजवानीचे वर्णन करून तो अखेरीस त्याच वर्षी दुष्काळात माणसांनी माणसे खाल्ल्याची वार्ता देतो. अशा लेखनाने दुखावलेल्या मंडळींचा रोष त्याला भोवला. ८१५ मध्ये वेगळ्या निमित्ताने त्याची दूरच्या प्रांतात पदावनती झाली.

या दोन कवींवरून एक कसोटी हाती येते. वैभवाचे वर्णन ही अद्याप टीका नव्हे. वर्णनाच्या चौकटीत वैभवाचा खर्च सोसणारा मनुष्य दिसू लागला, की त्याच वर्णनाची टीका होते.

४. उत्तर पेशवाईतील वैभव आणि त्याचा खर्च

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे हे भारतातील एक प्रमुख सत्ताकेंद्र होते. १७८३ मध्ये सवाई माधवरावांचे लग्न मोठ्या थाटात झाले. त्याच्या व्यवस्थेसाठी काढलेली सविस्तर याद आजही अभ्यासकांना परिचित आहे. आमंत्रणे, पाहुण्यांची सरबराई, जेवणावळी, आहेर यांची कलमवार तरतूद वाचताना खर्चाइतकेच त्यामागील शिस्तीचेही दर्शन घडते. या टप्प्यावर राज्याची घडी शाबूत होती.

पुढील पंधरा वर्षांत चित्र पालटले. १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला व १७९६ च्या अखेरीस दुसरा बाजीराव गादीवर आला. १७९८ मध्ये दौलतराव शिंदे यांचे सर्जेराव घाटगे यांच्या कन्येशी, बायजाबाईंशी, पुण्यातच लग्न झाले. शिंद्यांच्या फौजेचे पगार आधीच थकलेले होते, त्यात या लग्नाच्या खर्चाची भर पडली. ही तूट भरून काढण्यासाठी घाटगे यांनी पुण्यातील सावकारांकडून व प्रतिष्ठित नागरिकांकडून मारझोड व छळ करून द्रव्य वसूल केले. मराठ्यांच्या इतिहासात एका घराण्याच्या थाटाचे देयक एका शहराने इतक्या उघडपणे चुकते केल्याचे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

१८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. डिसेंबरात वसईचा तह झाला. १८०३–०४ मध्ये लूटमार आणि अवर्षण यांच्या संयोगाने दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर अवघ्या काही वर्षांत पुण्यात विश्रामबागवाडा उभा राहिला. या काळातील महसूलव्यवस्थेचे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केले आहे. मामलती मक्त्याने दिल्या जात. जास्त बोली बोलणाऱ्यास मामलत मिळे, तो पुढे पोटमक्ता देई आणि अखेरचा बोजा रयतेवर येई. वाड्यातील दिव्यांचे तेल आणि गावातील रयतेची थकबाकी हे एकाच साखळीचे दोन दुवे होते. चिनी कवीने दाखविलेला फुलांचा व शेतसाऱ्याचा संबंध दख्खनमध्येही तंतोतंत अस्तित्वात होता. तो काव्यात आला काय, हा आपला प्रश्न आहे.

५. शाहिराची वाणी : स्तुती, तक्रार आणि विलाप

उत्तर पेशवाईतील शाहीर बिदागीवर जगत असे. धोतरजोडी, शेला, सोन्याचे कडे, क्वचित वर्षासन ही त्याची मिळकत आणि ती वाड्यातून किंवा सरदारांकडून येई. या वस्तुस्थितीची छाया त्याच्या रचनांवर तीन प्रकारे पडलेली दिसते.

पहिला प्रकार स्तुतीचा. शाहीर प्रभाकर याने सवाई माधवरावांच्या रंगोत्सवावर केलेली रचना प्रसिद्ध आहे. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्यास आले व १७९४ च्या फेब्रुवारीत वानवडी येथे मृत्यू पावले. हा उत्सव त्या दरम्यानचा होय. स्वारीचा थाट, सरदारांची गर्दी, रंगाने न्हालेले शहर यांचे वर्णन प्रभाकर तन्मयतेने करतो. दू फूच्या कवितेप्रमाणेच येथेही वस्तूंची यादी आहे. मात्र दू फूच्या चौकटीत न शिवलेले अन्न आणि भेदरलेला वाटसरू आहे, तर प्रभाकराच्या चौकटीत सर्वजण तृप्त आहेत. खर्च सोसणारा तेथे अनुपस्थित आहे. तरीही इतिहासाच्या अभ्यासकाला या स्तुतीचे मोल कमी नाही. खर्चाच्या कोणत्या बाबींचा त्या काळी अभिमान वाटत असे, हे त्यातूनच कळते.

दुसरा प्रकार तक्रारीचा. संगमनेरचा अनंत फंदी (१७४४–१८१९) हा या काळातील सर्वांत स्पष्टवक्ता शाहीर. खर्ड्याच्या लढाईवर (१७९५) त्याने पोवाडा रचला, सवाई माधवरावांच्या मृत्यूवर 'माधवनिधन' हे काव्य रचले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारावर कठोर शब्दही उच्चारले. पिढीजात चाकर उपाशी राहतात आणि नालायकांना गोडधोड मिळते, असा त्या टीकेचा आशय आहे. ही टीका धीट आहे, यात शंका नाही. तथापि तिचे बारकाईने परीक्षण केल्यास एक गोष्ट ध्यानात येते. तूपसाखर खर्च होते ही फंदीची तक्रार नाही. ती चुकीच्या पानात वाढली जाते, ही त्याची तक्रार आहे. जुन्या चाकरमान्यांच्या वर्गाचे हे गाऱ्हाणे आहे. ते तूप आले कोठून, हा प्रश्न त्यात विचारलेला नाही.

याच फंदीचा उपदेशपर फटका महाराष्ट्रात घरोघरी पोचला. सरळ मार्ग सोडू नये, परद्रव्याचा लोभ धरू नये, संसारात सावधपणे वागावे, असा त्याचा आशय आहे. येथे संबोधन वाड्यातील धन्याला नाही, सामान्य गृहस्थाला आहे. धन्याविषयीच्या तक्रारीला जी सार्वत्रिक मान्यता मिळाली नाही, ती गृहस्थाला केलेल्या उपदेशाला मिळाली, ही बाब सूचक आहे.

तिसरा प्रकार विलापाचा. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली. जून १८१८ मध्ये बाजीरावाने माल्कमच्या स्वाधीन होऊन वार्षिक आठ लाख रुपयांच्या तनख्यावर ब्रह्मावर्ताचा मार्ग धरला. १८४३ पर्यंत हयात असलेल्या प्रभाकराने या पतनावरही रचना केली. आश्रयदाता गेल्यावर वाणी मोकळी झाली खरी, परंतु तोवर तिने बोल लावावा असा धनीच समोर उरलेला नव्हता. टीकेची जागा दैवाने घेतली.

शाहिरांना या मर्यादांबद्दल दोष देणे अनैतिहासिक ठरेल. बाई जूयीला टीका करण्यासाठी राज्याने वेतन दिले होते. शाहिराला करमणुकीसाठी बिदागी मिळत होती. पेशव्यांच्या दरबारात टीकेसाठी नेमलेले पद नव्हते. राजाश्रयाबाहेर राहणाऱ्या संतकवींची एक वेगळी परंपरा मराठीत अवश्य होती. तुकोबांनी कर्जखते इंद्रायणीत बुडविल्याची आणि शिवाजी महाराजांनी पाठविलेला नजराणा परत केल्याची परंपरागत कथा याच स्वातंत्र्याची ग्वाही देते. परंतु संतांचा रोख दंभावर व धनलोभावर होता, विशिष्ट घराण्याच्या हिशेबावर नव्हता.

६. फटक्यापासून आसुडापर्यंत

हा हिशेब प्रथम मांडला तो एकोणिसाव्या शतकाने. १८४८ पासून 'प्रभाकर' पत्रात प्रसिद्ध झालेल्या शतपत्रांत गोपाळ हरी देशमुख ऊर्फ लोकहितवादी यांनी जुन्या सरदारवर्गाच्या आळसाची व डामडौलाची कठोर समीक्षा केली. त्यांचे वडील बापू गोखले यांच्या पदरी फडणीस होते. म्हणजेच ही टीका त्या वर्तुळाच्या आतून आली होती आणि ती गद्यात होती.

जोतीराव फुले (१८२७–१८९०) यांनी मात्र शाहिरांचेच हत्यार हाती घेतले. १८६९ मध्ये त्यांनी शिवाजी महाराजांवरील पोवाडा व 'ब्राह्मणांचे कसब' प्रसिद्ध केले. पोवाड्याचा साचा तोच, परंतु आश्रयदाता कोणी नव्हता. फुले सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाशीही त्यांचा व्यवसायानिमित्त संबंध आला होता. त्यांची चूल कोणाच्या वाड्यावर अवलंबून नव्हती. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या गद्य ग्रंथाच्या नावातही प्रहार आहे. फटका आणि असूड या दोन शब्दांत चाबकाची दिशा मात्र बदललेली आहे. जन्मापासून मृत्यूपर्यंत धार्मिक विधींच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून काय काय काढून घेतले जाते, ऐषआरामात गुंतलेले गोरे अंमलदार आणि त्यांच्या हाताखालील कर्मचारी कसा कारभार करतात, आणि त्याच वेळी शेतकऱ्याच्या घरात कोणती भांडी, कोणती वस्त्रे, कोणते अन्न आहे, याचा तपशील फुले देतात. बाई जूयीच्या कवितेतील म्हातारा शेतकरी एका वाक्यापुरता येतो. फुल्यांच्या ग्रंथात त्याच्या घराची झडती घेतल्याप्रमाणे पाहणी आहे.

मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी दिलेल्या मेजवानीस फुले शेतकऱ्याच्या वेशात उपस्थित राहिले. दागिन्यांनी मढलेले पाहुणे म्हणजे हिंदुस्थानची प्रजा नव्हे, असे त्यांनी राजपुत्रास सांगितले. यजमान त्यांचे स्नेही होते. मेजवानीच्या चौकटीत खर्च सोसणाऱ्या मनुष्यास उभे करण्याचे जे कार्य चिनी कवी शब्दांनी करीत, ते फुल्यांनी येथे स्वतःच्या देहाने केले.

दोन गोष्टी येथे नमूद करणे आवश्यक आहे. स्वतंत्र उपजीविका असूनही असुडाची वाट निर्वेध नव्हती. 'दीनबंधु'ने आरंभीची प्रकरणे छापून पुढील भाग छापणे थांबविले, कारण कवीची चूल स्वतंत्र असली तरी छापखाना परावलंबी असू शकतो. दुसरे म्हणजे, सयाजीराव गायकवाड यांनी बडोद्यास हा ग्रंथ ऐकून घेतला व आर्थिक साहाय्यही केले. आश्रय आणि मौन यांचे नाते अटळ आहे, असा नियम म्हणूनच करता येत नाही. टीका ऐकण्यासाठी आश्रय देणारा राजा विरळा असतो, इतकेच म्हणता येते.

७. विदर्भातील वळण : खडी गंमत, कीर्तन आणि ग्रामगीता

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले १८५३ च्या डिसेंबरात निवर्तले, १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले आणि राजवाड्यातील जडजवाहीर व जनावरे विक्रीस निघाली. दरबार गेल्यावर ग्रामीण भागात प्रतिष्ठेचे केंद्र झाला तो मालगुजार. १८६० च्या दशकातील जमाबंदीने त्याला मालकी हक्क दिला आणि १९५१ मध्ये मालकी हक्क निर्मूलनाच्या कायद्याची अंमलबजावणी होईपर्यंत तो टिकला. कोराडी, कामठी, सावनेर या परिसरासह पूर्व विदर्भात लोकप्रिय असलेल्या खडी गंमतीत डफ-तुणतुण्याच्या साथीने, रंगमंचाविना, प्रेक्षकांच्या वर्तुळात उभे राहून शाहीर आपली कला सादर करतो. बिदागी प्रेक्षकांतून येत असल्याने गावातील धनिकांची टर उडविण्यास येथे वाव राहिला.

विसाव्या शतकात हे कार्य दोन संतांनी केले. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) कर्ज काढून सण, तेरवी व लग्न करण्याच्या प्रथेवर कीर्तनातून कोरडे ओढले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) १९५५ मध्ये एकेचाळीस अध्यायांची ग्रामगीता सिद्ध केली. तीत विवाहातील डामडौल व हुंडा यांचा निषेध असून साध्या व सामुदायिक विवाहाचा पुरस्कार आहे. सत्यशोधक समाजाने १८७३ च्या डिसेंबरात लावलेल्या पहिल्या अल्पखर्ची विवाहाशी या विचाराचे नाते स्पष्ट आहे. दोन्ही संतांचे अन्न लोकांच्या घरचे होते आणि त्यांची वाणीही लोकांशीच बोलत होती.

परंतु येथे टीकेच्या दिशेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. संतांनी शेतकऱ्याला साधेपणा सांगितला तो त्याच्या कळवळ्याने, आणि श्रीमंतांनाही त्यांनी सोडले नाही. त्यांचे चाहते मात्र त्यातील शेतकऱ्यासाठीचा उपदेश तेवढा लक्षात ठेवतात. फंदीच्या बाबतीत जे घडले त्याचीच ही पुनरावृत्ती होय. या संदर्भात १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांनंतर नेमलेल्या आयोगाचे मत चिंतनीय आहे. सुपे येथून सुरू झालेल्या या दंग्यांच्या कारणांची चौकशी करताना आयोगाने नोंदविले, की लग्नादी समारंभांवरील खर्चाला कर्जबाजारीपणाचे कारण म्हणून अवाजवी महत्त्व दिले गेले आहे. तो खर्च एक बाब आहे, परंतु कर्जाचे मूळ क्वचितच तेथे असते. सरकारने नेमलेल्या आयोगाने दीडशे वर्षांपूर्वी हे लिहून ठेवले, तरीही २००६ मध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधान पॅकेज जाहीर झाले त्या काळातील चर्चांतही शेतकऱ्याचा लग्नमंडपच प्रथम दिसत होता.

८. निष्कर्ष

(१) सत्तावंतांच्या वैभवाचे वर्णन मराठी काव्यात विपुल आहे, परंतु त्या वैभवाचा खर्च सोसणारा मनुष्य उत्तर पेशवाईतील शाहिरीच्या चौकटीत अभावानेच येतो. दू फू व बाई जूयी यांच्या कवितेचे वेगळेपण नेमके येथे आहे.

(२) अनंत फंदीची टीका धीट असली तरी ती खर्चाच्या वाटपाविषयी आहे, उगमाविषयी नाही. बिदागीवर जगणाऱ्या वर्गाची ती स्वाभाविक मर्यादा होय.

(३) फुले यांच्या लेखनात टीकेची दिशा पालटली, त्याला विचारांप्रमाणेच त्यांची स्वतंत्र उपजीविकाही कारणीभूत आहे. तथापि छापखान्याचे परावलंबन व सयाजीरावांचे साहाय्य ही दोन्ही उदाहरणे या नियमाला मुरड घालतात.

(४) उपदेशपर काव्य लोकप्रिय होताना त्याचा प्रहार वरून खाली सरकतो. ग्रामगीतेसारख्या ग्रंथाचे वाचन समग्रपणे झाले तरच हा दोष टळू शकेल.

उधळपट्टीवरील कोणतीही टीका वाचताना खर्च कोणाचा, पैसा कोणाचा आणि बोलणाऱ्याचे अन्न कोणाच्या घरचे, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. ते विचारले, की १७९८ च्या पुण्यातील लग्नाचा खर्च आणि आजच्या कर्जबाजारी शेतकऱ्याच्या घरचा मांडव यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे स्पष्ट होते.